जित्यांच्या ओळीत घेतलेलं नाव

मंडळी, बसून घ्या. मागे दाराशी उभे आहात त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. आयाबायांनो, तुम्ही सतरंजीवर का बसलात? आज सगळ्यांना खुर्ची आहे. मांडववाल्याने जरा जास्तच पाठवल्यात, त्याला वाटलं पुन्हा माझ्याकडे हळद आहे.

हसू नका. किंवा हसा. जानूकाका असते तर हसले असते.

माझ्या आधी सरपंच बोलले, हेडमास्तर बोलले, क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष बोलले. सगळ्यांनी जानूकाकांना थोर साहित्यिक म्हटलं. ते होतेच थोर. पण एक विचारू का? त्यांचं एक तरी पुस्तक आपल्यापैकी कुणी उघडलंय? मागे हा बॅनर बघा. मध्ये जानूकाकांचा फोटो, भोवती आपल्या सगळ्यांचे फोटो, आणि आपले फोटो त्यांच्यापेक्षा मोठे. मीही आहे त्यात, उजवीकडे, काळा चष्मा लावून. शोकसभेच्या बॅनरवर काळा चष्मा! सकाळी ते पाहिलं तेव्हाच वाटलं की घरी जावं.

भिवंडीतून, कल्याणकडून, कोनवरून काही पाहुणे आलेत, त्यांना माझी ओळख नाही. मी बाळाराम. खाडीकडची गोदामं माझी. जानूकाका माझ्या घरात वरच्या खोलीत राहायचे. आणि पंधरवड्यापूर्वी ज्या लग्नाच्या डीजेने अंजूरपर्यंतची पोरं जागी ठेवली, ते लग्न माझ्या धाकट्याचं.

मला माइकची भीती नाही. गावच्या सामन्यांची कॉमेंटरी मीच करतो. आज इथे उभं राहणं जड जातंय ते भीतीने नाही, लाजेने. आणि मंडळी, लाज सांगणं फार अवघड असतं. दुःख सांगितलं की लोक जवळ येतात, पाठीवरून हात फिरवतात. लाज सांगायला गेलं की म्हणतात, जाऊ दे बाळारामदादा, झालं ते झालं. तुम्ही आज तसं म्हणू नका. जाऊ देऊ नका. एवढंच माझं मागणं आहे.

आधी त्यांच्याविषयी सांगतो. माझ्याविषयी नंतर बोलायचंच आहे.

त्यांचं नाव ज्यान. आपल्या म्हाताऱ्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं जानू केलं, कारण जानू नावाची माणसं आपल्याकडे घरोघर. त्यांनाही ते आवडलं. बँकेत सहीसुद्धा एकदा जानू अशी करून आले होते, मग मॅनेजरने मला बोलावलं.

देश स्वित्झर्लंड. आपल्याला तो सिनेमातला माहीत. हिरो-हिरोईन बर्फात नाचतात तो. मी त्यांना एकदा म्हटलं, काका, तुमच्या गावाला काय मजा हो, सगळीकडे बर्फ. ते म्हणाले, "बाळाराम, माझा बाप तो बर्फ फावड्याने उपसायचा. तो कधी नाचला नाही." त्यांचे वडील रस्त्यावरचा बर्फ काढायचे आणि आई गावातलं वाणसामानाचं दुकान चालवायची. डोंगरातली एक दरी, दरीत चार-दोन गावं, आणि त्या गावांची स्वतःची एक भाषा. त्या देशात चार भाषा आहेत म्हणे, आणि यांची सगळ्यात धाकटी. बोलणारे किती? तर ते म्हणायचे, तुमच्या भिवंडीत एका शिफ्टला लूमवर जेवढे लोक उभे राहतात त्यांच्यात आमची अख्खी भाषा हरवून जाईल.

शाळेत मोठी भाषा बोलायची. घरची भाषा लहान पोरांशी आणि गुरांशी बोलायची. कुणी हाकलून दिली नव्हती त्या भाषेला. लोक नुसते पाव्हण्यांसमोर ती बोलत नसत. आपल्याला हे काही कुणी समजावून सांगायला नको. मी आत्ता तुमच्यासमोर कसा बोलतोय ते ऐका ना. माइक हातात आला की मी 'न्हाय'चं 'नाही' करतो. घरी आई ऐकत असती तर म्हणाली असती, कोन आयलाय यो?

तर जानूकाका तरुणपणी शहरात टाइप जुळवायचं काम शिकायला गेले. शिशाचे खिळे एक-एक उचलून ओळ लावायची, तसलं काम. शेवटी मोठी परीक्षा होती. परीक्षेच्या आठवड्यात तिकडे त्यांची आई वारली. घरच्यांनी ठरवलं, पोराला कळवायचं नाही. परीक्षा होऊ दे. पोराच्या भल्यासाठीच ठरवलं. पोरगा पास झाला. मित्रांबरोबर गाणी म्हणत स्टेशनवर आला, गाडीत बसला, गावात उतरला आणि दुकानाचं दार बंद दिसलं. तोवर आईला पुरून झालं होतं.

हे त्यांनी मला माझ्या गच्चीवर सांगितलंय. मी सोलकढी घेऊन वर गेलो होतो. सहज विचारलं, काका, तुम्ही लिहायला कसे लागलात? तेव्हा हे सांगितलं. म्हणाले, "मला सगळ्यात वाईट काय वाटलं माहीत आहे? की मी त्या दिवशी गात होतो. आणि ज्यांनी लपवलं ते सगळे चांगले लोक होते. भल्यासाठी केलं म्हणणाऱ्या माणसाला शिवीसुद्धा देता येत नाही."

त्यांचं पहिलं पुस्तक त्याच्यावर. आईच्या भाषेत लिहिलं. छापायला कुणी तयार होईना, कारण त्या भाषेतली पुस्तकं घेणार कोण? मग यांनी एक जुनं मशीन आणलं आणि गोठ्याच्या माळ्यावर चढवलं. खाली गाई, वर छापखाना. असे ते प्रकाशक झाले. नंतर दरीतल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी छापल्या, सुइणींचे शब्द छापले, अंगाईगीतं छापली. स्वयंपाकाचं एक पुस्तक छापलं, तेच काय ते खपलं, आणि त्याच्या जिवावर बाकीची जगली. पुस्तकाचं दुकान त्या दरीत नव्हतंच. मग हे खाटकाच्या दुकानात पुस्तकं ठेवायचे. वजनकाट्याशेजारी. लोक चेष्टा करत, ज्यान, पाव किलो कविता दे. हे म्हणत, हाडासकट देऊ का?

मग नाव झालं. शहरातला मोठा प्रकाशक आला, म्हणाला, आता मोठ्या भाषेत लिही. त्यांनी एक कादंबरी लिहिली. बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आले. ती घेऊन ते आपल्या आत्याकडे गेले. आत्याला मोठी भाषा येत होती, तिने सगळी वाचली. वाचून म्हणाली, "छान आहे. पण हे तू आम्हाला का नाही सांगितलंस?" त्यानंतर त्यांनी मोठ्या भाषेत एक ओळ लिहिली नाही. म्हणायचे, त्या बक्षिसाचा मला आनंद आहे आणि त्या कादंबरीची लाज आहे.

भिवंडीत ते आले ते आपल्यासाठी नाही. कापडासाठी. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर जे जाड कापड चढवतात ना, ते तिकडे महाग पडत होतं. कुणीतरी सांगितलं की भिवंडीत सगळं कापड मिळतं. कापड बघता बघता ते रशीदभाईंच्या प्रेसमध्ये पोहोचले. रशीदभाई बसलेत तिकडे, तिसऱ्या रांगेत. रशीदभाई तेव्हा लग्नपत्रिका आणि डाइंगवाल्यांची बिलबुकं छापायचे. दोघांनी एक दिवसभर कागदाला हात लावून चर्चा केली. एकाला हिंदी येत नव्हती, एकाला इंग्रजी. रशीदभाई अजून सांगतात, "साहब ने काग़ज़ को ऐसे हाथ लगाया, मैं समझ गया अपना ही आदमी है।"

मग दर थंडीत यायला लागले, हळूहळू आपलं बोलणं शिकले. राहायला जागा पाहिजे होती, रशीदभाईंनी माझ्याकडे पाठवलं. मी गोदामाच्या हिशोबाने भाडं सांगितलं, त्यांनी मान डोलावली. आणि मंडळी, मग आपण त्यांचं काय केलं? आपण त्यांना पाव्हणा केलं. क्रिकेटच्या बक्षिसाला जानूकाका. गोदामाची फीत कापायला जानूकाका. सत्यनारायणाला पहिल्या पाटावर जानूकाका. आपल्याला गोरा माणूस स्टेजवर पाहिजे होता. ते यायचे, फेटा बांधून घ्यायचे, उन्हात लाल होऊन बसायचे. कधी तक्रार नाही.

त्यांना माणूस म्हणून बघितलं एकाच माणसाने. हिरामावशीने.

हिरामावशी या पुढच्या खुर्चीवर बसल्यात. माझ्याकडे बघत नाहीत. बरोबर आहे.

बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्या आगरी समाजात लग्न लावायचं ते धवलारणीने. ती बाई धवले गाते, आणि ज्या क्रमाने ती गाते त्या क्रमाने विधी होतात. तिने गायल्याशिवाय मांडवात कुणाचा हात हलत नाही. म्हणजे पूर्वी हलत नसे. आता भटजी आले, बँजो आला, डीजे आला. धवलारीण कोपऱ्यात बसते, तिचं गाणं तिच्या शेजारणीलाही ऐकू जात नाही. आमच्या गावात एकच राहिलीय.

माझ्या पुतणीच्या लग्नात सगळे बाहेर नाचत होते. आणि हे जानूकाका मांडवात हिरामावशीच्या शेजारी मांडी घालून, कान तिच्या तोंडाशी नेऊन बसलेले. मावशी गाता गाता थांबली आणि मला म्हणाली, "बाल्या, या पाव्हन्याला काय पायजेल? भूक लागलीय का?" मी म्हटलं, मावशी, ते तुझं गाणं ऐकतायत. ती म्हणाली, "कनाला?" तिला खरंच कळेना की कुणी कशाला ऐकावं.

तिथून ते दोघं जमले. हे रोज तिच्या ओटीवर. ती यांच्याकडून तांदूळ निवडून घ्यायची, सुकट साफ करून घ्यायची, मग एक धवला सांगायची. फुकट काही नाही. ती सांगायची, हे लिहायचे, वाचून दाखवायचे, ती हसून हसून पदर तोंडात धरायची. मग ती म्हणायची, आता तुजा सांग. आणि हे त्यांच्या आईचं गाणं म्हणायचे. गावातल्या पोरांना दोन्ही कळत नव्हतं.

मावशीला भाऊ नाही. एका भाऊबीजेला तिने पाट मांडला आणि यांना म्हणाली, बस. ओवाळलं. त्या दिवसापासून तो तिचा भाऊ. थट्टेतला नाही, मानलेला, खराखुरा. यांनी ओवाळणी म्हणून काय दिलं माहीत आहे? त्यांच्या आईच्या दुकानातली पितळेची एक घंटा होती, दार उघडलं की वाजणारी. ती तिच्या दाराला स्वतः स्टूलवर चढून लावली.

आणि दोघांनी पुस्तक करायला घेतलं. डाव्या पानावर आपल्या बोलीतले धवले, उजव्या पानावर त्यांच्या दरीच्या भाषेत तेच. मराठी नाही, इंग्रजी नाही. मी व्यवहारी माणूस. म्हटलं, काका, हे पुस्तक वाचणार कोण? तुमच्या लोकांना आमचं येत नाही, आमच्या लोकांना तुमचं येत नाही. म्हणाले, "बाळाराम, दोन्हीकडचे लोक आधी आपलं तरी वाचतील." शेवटचे फर्मे, म्हणजे पानं छापलेले मोठे कागद, रशीदभाईंच्या मशीनवर होते तेव्हा माझ्या पोराचं लग्न आलं.

आता माझं सांगतो. पाणी द्या जरा.

नव्या सुनेच्या माहेरच्यांना भटजी पाहिजे होते. मी तयार झालो. पण जानूकाका माझ्यामागे लागले की मांडवात हिरामावशीच गाणार, आणि ती गाईल तेव्हा डीजे बंद. मी वचन दिलं. व्याह्यांना म्हटलं, दोन्ही करू. मावशी खूश झाली. खूप वर्षांनी तिला कुणीतरी सांगितलं होतं की तू गाशील तेव्हा आवाज बंद ठेवू. तिने उपास धरला. नवं लुगडं काढलं.

हळदीच्या दिवशी दुपारी जानूकाका रशीदभाईंकडे गेले. म्हणाले, एक फर्मा बघतो आणि संध्याकाळी येतो. मी मांडवामागे जनरेटरपाशी होतो, तेव्हा फोन आला. रशीदभाई रडत होते. "बाळारामभाई, साहब मशीन के पास बैठे-बैठे गिर गए। अस्पताल लाया। साहब नहीं रहे।"

आणि मी काय म्हणालो?

मंडळी, मी पहिलं वाक्य काय म्हणालो ते मला तुम्हाला सांगायचंच आहे. मी म्हणालो, "अभी किसी को मत बोलना।"

रशीदभाई म्हणाले, "भाई, हमारे में मय्यत को इतना रोकते नहीं।" मी म्हटलं, माझ्या घरी कार्य आहे, पाव्हणे आलेत, कल लग्न होने दो. ते म्हणाले, "ठीक है। मैं यहाँ बैठता हूँ।" आणि बसले. माझ्या पोराच्या अंगाला हळद लागेपर्यंत, लग्न लागेपर्यंत, नवरी घरात येईपर्यंत हा माणूस हॉस्पिटलच्या त्या थंड खोलीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. तो मुडदा त्यांच्या घरचा नव्हता. माझ्या घरचा होता.

मी असं का केलं? त्या वेळी माझ्याकडे दहा कारणं होती. बातमी फुटली तर जुनी माणसं वाद्यं थांबवणार. व्याही काय म्हणतील? मटण शिजलंय. आणि सगळ्यात मोठं कारण, हिरामावशी. भाऊ गेला म्हणजे तिला सुतक. सुतकातली बाई मांडवाला हात लावणार नाही. दुसरी धवलारीण नाही. मी मनात म्हटलं, अरे, रक्ताचा थोडाच आहे? परका माणूस, भाडेकरू. आपल्याला कसलं सुतक?

बारा हिवाळे तो माणूस माझ्या घरात जेवला. बक्षीस द्यायला आपला, फीत कापायला आपला, बॅनरवर आपला. मेल्यावर भाडेकरू.

आणि मला त्यांच्या आईची गोष्ट माहीत होती. गच्चीवर ऐकलेली. मला आठवली नाही असं म्हणालो तर खोटं ठरेल. फोन खिशात ठेवताना आठवली. आठवली आणि मी डीजेवाल्याला जाऊन सांगितलं, आवाज वाढव.

संध्याकाळी हिरामावशी आली. विचारलं, "जानू कवा येल?" मी म्हटलं, मुंबईला कागद आणायला गेलेत, येतील. थोड्या वेळाने परत विचारलं. म्हटलं, रस्त्यात ट्रॅफिक आहे, येतील. तिने आपल्या शेजारी त्यांच्यासाठी पाट ठेवला होता. कुणाला बसू देईना.

मग वचनाप्रमाणे मी डीजे बंद केला. तेवढं वचन पाळलं बघा. सगळा मांडव शांत. आणि मावशी गायला लागली. मी जन्मात तिला तशी ऐकली नव्हती. आपलं नशीब, आपण तिला कधी ऐकलीच नव्हती.

पहिला धवला आवतनाचा. गाववाल्यांना ठाऊक आहे, पाहुण्यांना सांगतो. त्यात लग्नाला बोलावणं करतात. आधी देवांना नाव घेऊन. मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन, की बाबा, तुम्ही पण या, पोराचं लग्न आहे. माझ्या बापाचं नाव आलं, आईचं आलं. मग ती ओळ संपते. आणि मग जित्या माणसांची नावं सुरू होतात. माझं आलं. माझ्या बायकोचं आलं. आणि मग मावशीने त्या रिकाम्या पाटाकडे बघितलं, हसली आणि गायलं, माझ्या जानूभावाला आवतन.

जित्यांच्या ओळीत.

मला ठाऊक होतं तो कुठल्या ओळीतला आहे. त्या मांडवात मला एकट्याला ठाऊक होतं. ती वर बघून गात होती आणि मी हात जोडून उभा होतो. व्हिडिओवाल्याने माझा चेहरा घेतलाय. बायको म्हणते, त्यात तू किती भक्तिभावाने उभा आहेस!

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. वऱ्हाड परत गेलं तेव्हा मी मावशीच्या ओटीवर गेलो आणि सांगितलं. ती रडली नाही. तिच्या हाताला हळद होती, ती तिकडे बघत राहिली. म्हणाली, "म्हंजे काल तो मेला व्हता?" मी म्हटलं, हो. "मी नाव घेतला तवा?" हो. "तुना ठावा व्हता?"

मी म्हटलं, हो मावशी.

ती म्हणाली, "मी मेलेल्याला जित्यांत बसवला. माझ्या तोंडान खोटा वदवलास. आता कोनाच्या मांडवात जाव मी?" आणि आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. गेल्या आठवड्यात खारबावचे लोक तिला लग्नाला बोलवायला आले होते. तिने त्यांना हात जोडून परत पाठवलं. पुस्तकाचं विचारायला रशीदभाई गेले, त्यांना म्हणाली, थांबव. ज्या तोंडाने खोटं गायलं त्या तोंडाचं पुस्तक नको.

म्हणजे बघा, मी काय काय मारलं. जानूकाका तर आपल्या वेळेने गेले, त्यांना कुणी अडवलं नसतं. पण जे गाणं उचलून आणायला ते इतक्या लांबून आले, तांदूळ निवडले, सुकट साफ केली, ते मी एका फोनवर बंद पाडलं. धवला डीजेने मेला असं मी भाषणात म्हणायचो. डीजेने नाही मेला. माझ्यामुळे गप्प झाला.

त्यांना पोहोचवायला किती माणसं होतो आपण? मी आकडा सांगत नाही. तुम्हीच आठवा तुम्ही कुठे होतात. हळद-लग्नाने सगळे दमले होते, कुणी झोपला होता, कुणाला उतरली नव्हती. माझ्या दारात मांडव तसाच, त्यावर नवरा-नवरीची नावं लायटिंगमध्ये. त्या लायटिंगखालून आपण त्यांना बाहेर काढलं. त्यांचा भाचा तिकडून फोनवर होता, त्याला जानूकाका म्हणाले होते म्हणे, मला खाडीवरच ठेवा. त्याने मला विचारलं, गावातले लोक आलेत का? मी म्हटलं, सगळे आलेत. अजून एक खोटं.

मावशी, मी तुमच्याकडे माफी मागत नाही. माफी मागितली की तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं मी तुमच्यावर टाकणार नाही. तुम्ही गा असंही म्हणत नाही. तो अधिकार माझा राहिला नाही. मी फक्त या सगळ्यांसमोर सांगतो की मावशीच्या तोंडाला खोटं लागलेलं नाही. तिने आपल्या भावाला आवतन केलं ते खरं केलं. खोटा मी होतो. रशीदभाई, तुमच्यासमोरही सांगतो. सगळ्यांनी ऐकलंत ना?

आता कार्यक्रमाच्या कागदावर शेवटी लिहिलंय, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली. सरपंच, रागावू नका. ते मी सांगणार नाही. मी हळदीच्या दुपारपासून लग्नाच्या संध्याकाळपर्यंत गप्पच होतो. आता पुन्हा गप्प राहून जानूकाकांना काय देऊ?

आपल्या गावात माणूस गेला की काय करतात? म्हाताऱ्यांना आठवत असेल. फोन आत्ता आले. घरचा एक माणूस अनवाणी निघायचा. दारोदार जायचा. आत यायचा नाही, पाणी घ्यायचा नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून गेलेल्याचं नाव सांगायचा आणि म्हणायचा, चला. मग भात चुलीवर असो की पोर मांडीवर असो, माणूस हातातलं ठेवून उठायचा. तेवढं एकच काम त्या घरच्या माणसाचं असतं. जानूकाकांच्या घरचा माणूस इथे मीच होतो. माझं ते काम राहिलंय.

उशीर झालाय. मला ठाऊक आहे.

हा माइक खाली ठेवतो. ही गोष्ट माइकमध्ये सांगत नाहीत. चपला इथे काढतो. इथून खाली तुमच्या खुर्चीपाशी येतो, मावशी, तुमचा उंबरा समजून बाहेरच उभा राहतो. ऐकू येतंय ना मागे?

हिरामावशे. ओ हिरामावशे.

तुजा भाव गेला. जानू गेला. हलदीच्या दिशी दुपारी गेला, रशीदच्या प्रेसमदी, पुस्तकापाशी बसलेला तवाच गेला. मना ठावा व्हता, मी सांगला न्हाय. आता सांगतंय.

गाववाल्यांनो, आपला जानू गेला. खाडीवर न्यायचा हाय. उठा.

ऊठ बाय. चल.